आजीची पैठणी घडीवर चिरली आहे. कात्री लावू की नको?

शेवंती_माळ · १४ जून, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे आणि घरातलं एक भांडण मिटवायचं आहे. पहिलं इथे होईल, दुसरं वाढेल, हे माहीत असूनही लिहितेय.

साताऱ्याचं आजोळचं घर गेल्या महिन्यात रिकामं केलं. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजीची लग्नातली पैठणी निघाली. लग्न १९४६ चं. जांभळी नऊवारी, नारळी काठ, पदरावर आसावलीची वेल आणि मुनिया. आजीला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि त्याआधीही तिला ही नेसलेली मी कधी पाहिली नव्हती. मावशीने हौसेने घडी उलगडली आणि पापड मोडावा तसा आवाज आला. जिथे घडी, तिथे चीर. एक तर हातभर लांब. काठ ठणठणीत आहेत, पदरही जवळपास धड आहे. जर काळवंडली आहे. एका कोपऱ्यात कसरीनेही नक्षी काढली आहे, ती मूळ नक्षीत धरू नये.

आता घरात पक्ष पडलेत. आई म्हणते हात लावायचा नाही, होती तशी ठेवा. मावशी म्हणते पदर फ्रेम करा. बहिणी म्हणतात सहा जणींना सहा बटवे शिव, तुला मशीन येतं ना. मामी म्हणाली, "जरीवाल्याला दिली तर चांदीचे पैसे तरी येतील," आणि तेव्हापासून आई मामीशी बोलत नाही.

मी बटव्यांच्या बाजूची. पण दोनदा कात्री घेऊन बसले आणि दोनदा उठून चहा केला. तुम्ही अशा जीर्ण साड्यांचं काय केलंत?

टीप_टाका · १४ जून, रात्री ९:४८

आधी कात्री लपवा. मग बोलू.

मध्यस्थ_काका · १४ जून, रात्री १०:०५

मामींना अनुमोदन देणार होतो, तेवढ्यात सौ.ने मागून स्क्रीन वाचली. माझं काही मत नाही.

सोनसळी · १४ जून, रात्री १०:३१

बटवे! आणि सहाच का, सातवा मला.

गंमत सोडा. आईचा शालू असाच विरला होता. त्याच्या धड भागाचं लेकीला परकर-पोलकं शिवलं, चार वर्षांची होती तेव्हा. दोन सणांना घातलं. तिसऱ्या सणाला ती बसली आणि मागून टर्रकन उसवलं, शिवण नव्हे, कापडच. जुनं रेशीम अंगावर घालायच्या वस्तूंना वापरू नका, एवढं त्यातून शिकले. उरलेल्याचे पोथी बांधायचे रुमाल केले. ते अजून आहेत, कारण पोथी काही उड्या मारत नाही.

वस्त्रगाळ · १५ जून, सकाळी ७:१५

शेवंतीताई, काही वर्षं एका संग्रहालयाच्या वस्त्रविभागात काम केलं आहे. लिहिणं मास्तरी वाटलं तर चालवून घ्या.

रेशीम म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखं. उजेड, घाम आणि दमट हवा यांनी ते वर्षांगणिक ठिसूळ होत जातं, आणि एकाच घडीवर दशकानुदशकं मोडून राहिलेला धागा सगळ्यांत आधी तुटतो. जुनी जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. ती जड असते. साडी दांडीवर लटकवून ठेवली की काठाचं सगळं वजन शेजारच्या रेशमावर येतं आणि काठाच्या कडेने ती फाटत जाते. तुमची ट्रंकेत आडवी होती म्हणून त्यातून वाचली. ट्रंकेने घडी मोडली, पण काठ राखले.

आता काय करू नये ते. धुऊ नका. ड्रायक्लीनला देऊ नका, चिरलेलं रेशीम त्या ड्रममधून चिंध्या होऊन येतं. इस्त्री नको. जर उजळायला लिंबू, चिंच, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, यातलं काही नको. मुलामा फार पातळ असतो, काळ्याबरोबर तोही जातो आणि खालची चांदी उघडी पडून दुप्पट वेगाने काळवंडते. मागून इस्त्रीने चिकटवायचं कापड, म्हणजे फ्युजिंग, अजिबात नको. चिकटताना छान दिसतं, पण पुढे कडक पडतं आणि काढायला गेलात तर रेशीम घेऊन निघतं.

आणि करायचं ते असं: मोठ्या टेबलावर धुतलेली सुती चादर अंथरा, त्यावर साडी भाग भाग करून पसरा, फोटो काढा. व्हॅक्यूम असेल तर त्याच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी बांधून, सगळ्यांत कमी ओढीवर, धूळ काढा. मग पूर्ण लांबी मोजा आणि कुठे शिवण, रफू, डाग आहे ते वहीत लिहा. कापायची की नाही हा प्रश्न त्यानंतरचा. ठेवायची असेल तर घडी न घालता जाड नळकांड्यावर, मध्ये जुनी मलमल घेऊन, गुंडाळून ठेवा. डांबरगोळ्या थेट साडीला लागू देऊ नका.

सुई_दोरा · १५ जून, सकाळी ११:२०

वस्त्रगाळ यांचं अक्षरन् अक्षर बरोबर. पण साडीच्या पन्ह्याहून लांब नळकांडं मुंबईच्या घरात ठेवायचं कुठे? कपाटावर? तिथे पाहुण्यांच्या गाद्या आहेत आणि गाद्यांवर गणपतीची मखर आहे.

संग्रहालयाचा नियम घराला लावला की वस्तू पुन्हा ट्रंकेत जाते आणि अजून वीस वर्षांनी तिची भुकटी निघते. माझ्याकडे शिवायला येतात त्यातल्या अर्ध्या साड्या अशाच, "जपून" ठेवलेल्या. जपून म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, वर गाठ मारून. आत ओल धरते आणि कोकणातली असेल तर बुरशीचे ठिपके फुकट.

माझा हिशोब सरळ आहे. पदर कापायचा नाही. काठ लांबच्या लांब राखायचे. जे अंग आधीच चिरलंय त्यालाच कात्री, तीही चिरेवरूनच. चीर म्हणजे साडीने स्वतःच आखून दिलेली रेघ समजा.

गंगथडी · १५ जून, दुपारी १:५०

एक गोष्ट टोचली म्हणून लिहितो. अलीकडं गोधडीचं फार कौतुक चाललंय. प्रदर्शनं काय, हजारांतल्या किमती काय. आमच्या परभणीकडं तिला वाकळ म्हणतात आणि मायनं ती कौतुकानं कधी शिवली नाही.

लुगडं मधे विरायचं, उठण्याबसण्याचा ताण तिथंच येतो. मग विरलेला पट्टा काढून टाकायचा आणि धड टोकं एकमेकांला जोडायची. त्याला दांड घालणं म्हणतात. दांडाचं लुगडं अजून दोन वर्षं चालायचं. मग त्याचं धडपं. धडप्यातून लेकराचं दुपटं, उरलं ते वाकळीच्या पोटात, आणि वाकळ फाटली की नव्या वाकळीच्या आत जुनी वाकळ. शेवटी चुलीपुढचं फडकं. बाजारातून नवं कापड आणून वरून ठिगळं लावलेली "पारंपरिक गोधडी" मी पुण्यात पाहिली तर मला हसू आलं. मायला "जुन्याला नवं आयुष्य" म्हणून सांगितलं असतं तर म्हणाली असती, जुनं मेलंय कधी?

शेवंतीताईंना नाही बोलत. पैठणी असलेल्या घरचे प्रश्न वेगळे, एवढंच.

शेवंती_माळ · १५ जून, दुपारी २:३०

@गंगथडी, बोलाच की. आजीकडे पैठणी एकच होती, बाकी सगळी सुती लुगडी, आणि ती तुम्ही सांगताय त्याच वाटेने गेली असणार. ट्रंकेत एकही नव्हतं.

जपानी_मोगरा · १५ जून, संध्याकाळी ६:०२

गंगथडी, इथेही हीच कथा. जपानच्या उत्तरेला आओमोरी भागात थंडीमुळे कापूस पिकत नसे. तागासारख्या खरखरीत कापडावर मिळतील त्या सुती चिंध्यांची ठिगळं लावत, पिढ्यान् पिढ्या, एकावर एक. त्याला बोरो म्हणतात, म्हणजे शब्दशः चिंध्याच. दिवस पालटल्यावर लोकांनी लाजेने ते टाकून दिले. आता तेच काचेच्या पेटीत आणि लिलावात.

ज्या टाक्याने ते शिवत त्याच्या चुलतभावाला साशिको म्हणून जगभर मिरवतात. धावदोरा हो, दुसरं काही नाही. इथल्या वर्गात पहिल्याच दिवशी मी सरळ ओळ घातली तर बाई विचारतात, कुठे शिकलीस. म्हटलं, आजीने दुपारी झोपू दिलं नाही म्हणून शिकले.

कृष्णाकाठ · १५ जून, रात्री ८:४४

गोधडीचा विषय निघालाच आहे तर. आमची आजी बाहेरच्या कडेने सुरुवात करून फिरत फिरत आत यायची. मधे वीतभर जागा उरली की चपातीचा तुकडा आणि चिमूटभर साखर आत ठेवून मग ती जागा शिवून टाकायची. "उपाशी ठेवू नये तिला." मुंग्या येतात की नाही हे विचारायची आमची छाती नव्हती.

पुढे नोकरीत असताना कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडे जाणं व्हायचं. तिथले सिद्दी लोक, मूळचे आफ्रिकेतले, कवंदी शिवतात, म्हणजे त्यांची गोधडीच, तीही बाहेरून आत. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात. फुलांशिवायची कवंदी म्हणजे उघडी, असं तिथल्या बाया म्हणतात.

प्रतिसादक_नं_१ · १५ जून, रात्री ९:१०

पैठणीवरून परभणी, आओमोरी आणि यल्लापूर. एका दिवसात. धागा चांगलाच लांबतोय, रीळ पुरेल ना?

पेठेतली_पोर · १६ जून, सकाळी १०:००

मामींवर सगळे तुटून पडलेत म्हणून त्यांची बाजू मांडते. आमच्या वाड्यात "जुनी जर, जरीच्या साड्याऽऽ" ओरडत माणूस यायचा. वजन करायचा, रोख द्यायचा. साड्या नेऊन जाळायचे आणि राखेतून चांदी काढायचे, हे आम्हाला नंतर कळलं. आजीने तिचे दोन शालू असेच दिले आणि त्या पैशात काकाची परीक्षेची फी भरली. तिने त्याबद्दल कधी हळहळ केली नाही. तेव्हा हळहळायची चैन नव्हती आणि कपाटही एकच होतं.

बोहारणीची गोष्ट वेगळी. ती जरीला हातही लावायची नाही, तिला पँटी आणि टेरीकॉट हवं. सहा पँटींवर एक स्टीलचा डबा, आणि वर "ताई, ही साडी घाला ना यात" हे चालूच. आमच्या घरातली निम्मी भांडी म्हणजे बाबांच्या पँटी आहेत.

अवांतराबद्दल क्षमस्व.

मध्यस्थ_काका · १६ जून, सकाळी १०:१२

आमच्याकडे इडलीपात्र म्हणजे माझा लग्नातला सूट. दर रविवारी सूड उगवतो, चार-चार इडल्या जास्त खाऊन.

हिंदू_कॉलनी · १६ जून, दुपारी ४:३५

बटवे आणि फ्रेम यांच्यामधला एक रस्ता आहे, तो कुणी बोललं नाही.

आमच्या शेजारच्या पारशी काकूंकडे पणजीचा गारा होता. गारा म्हणजे चीनशी व्यापार करणाऱ्या पारशांनी तिकडून आणवलेल्या भरतकामाच्या रेशमी साड्या, एकोणिसाव्या शतकातल्या. भरतकाम जसंच्या तसं, पण मूळ रेशीम गेलेलं. त्यांनी कारागिराकडून भरतकामाच्या कडा आणि फुलं बारीक कातरून नव्या साडीवर हाताने बसवून घेतल्या. त्यांच्यात हे सर्रास करतात. साडी "तीच" म्हणतात, आणि काकू नातीच्या लग्नात ती नेसल्या.

पैठणीचे काठ तसे नव्या रेशमी किंवा सुती साडीला लावता येतील. नऊवारीचे दोन काठ म्हणजे जवळपास आठ-आठ मीटर, सहावारीला पुरून उरतील.

सुई_दोरा · १६ जून, संध्याकाळी ५:२०

@हिंदू_कॉलनी, येतील, मी दोनदा केलंय. फक्त एक गोम आहे. पैठणीचा काठ वेगळा जोडलेला नसतो, अंगाबरोबरच विणलेला असतो. नुसता काठ कापला की आतली कड सुटत जाते. म्हणून कापायच्या आधी काठाच्या आतून बोटभर अंग सोडून धावदोऱ्याची ओळ घालायची, मग तिच्या पलीकडून, अंगाच्या बाजूने कापायचं, आणि ते बोटभर आत दुमडून नव्या साडीवर हाताने हेम घालायचं. मशीन मारू नका. मशीनची सुई ओळीने भोकं पाडते आणि जुनं रेशीम त्या भोकांवर तिकिटासारखं फाटतं.

आणि नवी साडी हलकी घेऊ नका. जुनी जर जड, नवं अंग फुलपाखरासारखं, मग काठ खाली ओढतो आणि सगळी साडी झोळीसारखी दिसते.

खान्देशी_ठसका · १६ जून, रात्री १०:१५

माझा पराक्रम ऐका म्हणजे शेवंतीताईंना धीर येईल. सासूबाईंची जुनी रेशमी साडी. डाग होता. म्हटलं शॅम्पू म्हणजे केसांचा, रेशीम म्हणजे केसासारखंच, मग बिघडणार काय? कोमट पाण्यात बुडवली. पाणी लाल झालं. काठाची लाली पिवळ्या अंगात उतरली. घाबरून पिळली. पिळली!! ती हातात दोन तुकड्यांत आली.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला त्यांनी पायपुसणी विणायला शिकवली.

टीप_टाका · १६ जून, रात्री १०:२२

शॅम्पू कंडिशनरसकट होता का?

रफूवाला_नाही_मी · १७ जून, सकाळी ९:०५

चिरा हातभर असतील तर रफू होणार नाही, हे आधीच सांगतो. रफू धड कापडातल्या भोकासाठी असतो. धागा ओवायला शेजारी दणकट धागे लागतात. इथे शेजारचेच गेलेत. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर पश्मिन्याच्या शालींवर असं काम करतात की भोक कुठे होतं ते सापडत नाही, पण तेही भुसभुशीत रेशमाला हात लावायच्या आधी मान हलवतात. कुणी "साडी नव्यासारखी करून देतो" म्हणालं तर पैसे खिशात घालून घरी या. एकाने माझ्या बहिणीची इरकल तशी घेतली आणि मागून चिकटपट्टी लावून परत दिली. दुसऱ्या उन्हाळ्यात डिंक पाघळून जरीवर आला.

निळी_शाई · १७ जून, दुपारी १२:४०

थोडी कडवट बाजू. "जुन्या पैठणीपासून बनवलेले" म्हणून ज्या पर्सेस, डायऱ्या, कानातले विकायला असतात, त्यातलं बरंचसं जुनंही नसतं आणि पैठणीही नसतं. पैठणीचा पदर उलटून बघा. खऱ्या हातविणीत रंग एकमेकांत अडकवत विणतात, त्यामुळे मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते. मागे मोकळे लोंबणारे धागे, किंवा ते कापून टाकल्याच्या खुणा दिसल्या तर ती यंत्रावरची. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते साडीला आणि कापडाला. तिच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मोबाईल कव्हरवर कोण नजर ठेवणार?

आणि भीती ही वाटते की अशा वस्तूंना गिऱ्हाईक वाढलं की धड साड्याही कापल्या जातील. तुकड्यांचे मिळून साडीपेक्षा जास्त पैसे येतात ना.

सोनसळी · १७ जून, दुपारी १:०५

निळी_शाई, पटलं. माझा सातवा बटवा मागे घेते. (घेत नाही.)

शेवंती_माळ · १९ जून, रात्री ११:५५

मंडळी, वस्त्रगाळ यांचं ऐकलं. आज आम्ही तिघींनी जेवणाच्या टेबलाला इस्त्रीचं टेबल जोडून, चादर अंथरून साडी मोजली. एकूण भरली सात मीटरला थोडी कमी. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास ना? दोनदा मोजली. तेवढीच.

मग आईने चष्मा लावून बोटं फिरवत फिरवत शोधलं. निऱ्यांच्या भागात आडवी शिवण आहे. जांभळ्या रेशमी दोऱ्याने हाताने घातलेली, इतकी बारीक की आधीच्या चार दिवसांत आमच्या कुणाच्याही लक्षात आली नव्हती. नेसल्यावर बरोब्बर निऱ्यांत दडेल अशी. गंगथडी, तुम्ही म्हणालात तो दांड.

मावशीला फोन केला. ती आधी म्हणाली माहीत नाही, मग अर्ध्या तासाने तिचाच फोन. कुणाच्या तरी मुंजीत समईची वात निऱ्यांना लागली होती, असं आजी सांगायची. जळका भाग काढला, दांड घातला. आणि त्या काढलेल्यातल्या धड तुकड्याची मामाची कुंची शिवली. मामा १९४९ चा. ती कुंची मी बघितली आहे हो! जांभळी, मागे शेपूट असलेली, कडेला मोती. माझा बारशाचा फोटो त्यातलाच आहे. आम्ही सहाही जणींनी ती घातली. आत्ता ती मामीकडे आहे, तिच्या नातवाच्या कपड्यांत, धड.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आईनेच कापली होती."

गंगथडी · २० जून, सकाळी ६:३०

मायच ती. सातारची असो की परभणीची.

वस्त्रगाळ · २० जून, सकाळी ८:१०

फारच सुंदर. तो दांड काही झालं तरी उसवू नका आणि त्याच्यावरून कापूही नका. आमच्या विभागात अशा दुरुस्त्यांची वेगळी नोंद करायचो, कारण साडी विणली कशी ते कुठेही कळतं, पण वापरली कशी ते अशाच खुणांमधून.

आता मी सुई_दोरा यांच्या बाजूला सरकतो. चिरलेलं अंग वापरणार असाल तर एक पद्धत सांगतो, आम्हीही हीच वापरायचो. खाली मऊ मलमल, तिच्यावर रेशमाचा तुकडा, चिरा बोटांनी हलकेच जुळवून. वरून त्याच रंगाची अगदी पातळ जाळी किंवा रेशमी ऑर्गंझा. तिन्ही थर एकत्र धरून, रेशमाच्या एकेरी दोऱ्याने, बारीक सुईने धावदोरा. टाके चिरेवर नाही, चिरेच्या दोन्ही बाजूंना, धड भागात. ताण सगळा मलमल घेते, रेशीम नुसतं मधे झोपून राहतं. लांबून जाळी दिसत नाही.

सुई_दोरा · २० जून, सकाळी ९:००

म्हणजे गोधडीच की हो. :)

वस्त्रगाळ · २० जून, सकाळी ९:०४

आम्ही अहवालात असं लिहीत नव्हतो.

जपानी_मोगरा · २० जून, दुपारी ३:१५

फ्रेमचं राहिलंच. केलीत तर पदर काचेला टेकू देऊ नका, ओल धरली की चिकटतो. कडेला पट्टी देऊन काच दूर ठेवा, पदर पुठ्ठ्याला चिकटवू नका, कापड ताणलेल्या पाटावर शिवा. आणि जिथे ऊन येतं त्या भिंतीवर नको. जांभळ्याचा करडा व्हायला फार वर्षं लागत नाहीत.

शेवंती_माळ · ४ सप्टेंबर, रात्री १०:२०

धागा वर काढतेय. काही जणांनी विचारपूस केली होती, आणि आज गौरी-गणपती गेल्यावर जरा टेकले आहे.

फ्रेम केली नाही. पदर अख्खा मलमलवर बसवला. जून-जुलैचे सगळे शनिवार-रविवार त्यात गेले, बोटांना घट्टे पडले. तो यंदा थोरल्या गौरीच्या खांद्यावर होता. वर्षातले तीन दिवस उजेडात, बाकी मलमलीत गुंडाळून, हे आईला मान्य झालं. नळकांडं सतरंजीच्या दुकानातून फुकट मिळालं. ते पलंगाखाली मावतं, सुई_दोरा! दोन्ही बाजूंचे काठ अजून तसेच गुंडाळलेले आहेत. नवी साडी कुठल्या रंगाची घ्यायची यावर नवे पक्ष पडलेत.

बटवे सहा नाही झाले. वस्त्रगाळ यांच्या पद्धतीने करायला घेतल्यावर कळलं की त्या अंगात जीव किती कमी उरलाय. दोन तुकडे तर जाळी टाकेपर्यंत हातातच गेले, त्यांचा भुगा मी काचेच्या बाटलीत भरून ठेवलाय, का ते विचारू नका. तीन बटवे झाले. पहिला मावशीला. दुसऱ्यासाठी बहिणींनी चिठ्ठ्या टाकल्या आणि जी जिंकली तिच्याशी बाकीच्या दोघी अजून नीट बोलत नाहीत. तिसरा आईने स्वतः जाऊन मामीला दिला. मामीने त्यात कुंची ठेवली आणि बटवा तिच्या सुनेकडे दिला. सून डिसेंबरमध्ये बाळंत होणार आहे.

दांडाचा भाग माझ्याकडे आहे. वीतभर या बाजूने, वीतभर त्या बाजूने. त्याचं काही केलेलं नाही.

सोनसळी · ४ सप्टेंबर, रात्री १०:३३

फोटो टाका! नाहीतर हा धागा फाऊल.

खान्देशी_ठसका · ४ सप्टेंबर, रात्री १०:४०

भुगा बाटलीत ठेवलात ते बरं केलंत. मी माझी पायपुसणी अजून वापरते.

मध्यस्थ_काका · ४ सप्टेंबर, रात्री ११:०२

सौ.ने हा धागा सुरुवातीपासून वाचला आणि आत्ता कपाटातून माझी १९८८ ची सफारी काढून ती उजेडात धरून बघते आहे. कात्री कुठे ठेवली आहे ते मला माहीत आहे. सांगणार नाही.